तीन वृंदावनं आणि एक घर

कंत्राटदार कसा निवडावा, याची एक शास्त्रशुद्ध पद्धत मी शोधून काढली आहे. ती कुणीही वापरू नये.

गोष्ट साठ-एकसष्ट सालच्या सुमाराची. केंद्र सरकारच्या हिशेब तपासणाऱ्या खात्यात मी होतो आणि बदल्या होत होत मिरजेचा माणूस जयपूरला येऊन पडलो होतो. हिशेब तपासणारा माणूस दुसऱ्यावर विश्वास ठेवत नाही. (स्वतःवर ठेवतो, आणि तिथेच फसतो.) घरात आई, बायको सुमन, मॅट्रिकच्या वर्गातली लेक कुंदा आणि एक घड्याळ.

हे घड्याळ माणसांत मोजायचं कारण त्याचा मान तेवढा होता. सुमनच्या वडिलांनी लग्नात दिलेलं, शिसवी पेटीचं, लंबकाचं घड्याळ! पण सरकारी क्वार्टरच्या भिंतीला खिळा ठोकायची बंदी असे. ठोकलाच, तर क्वार्टर सोडताना ओव्हरसियर भिंतीवरून हात फिरवून भोकं शोधायचा. त्यामुळे लग्नापासून ते घड्याळ आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत निजलं होतं आणि गावोगाव आमच्याबरोबर बदलून जात होतं. एकदा नागपूरला ते टेबलावर भिंतीला टेकवून चालू करून पाहिलं. दोन टोले दिले आणि तिसऱ्याला ते तोंडावर पडलं.

"मला बंगला नको," सुमन म्हणायची. "मला एक भिंत हवी. माझी. तिच्यात मी कुणाला न विचारता खिळा ठोकणार."

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायको भिंतीखेरीज काही मागत नाही, याची मला फार लाज वाटायची. म्हणून खातीपुऱ्याच्या बाजूला, रेल्वे स्टेशनापलीकडे, मी एक प्लॉट घेतला. प्लॉट म्हणजे वाळू, वाळूत दोन खेजडीची झाडं आणि झाडांखाली कुणाच्या तरी बकऱ्या. इतक्यात ऑफिसात कुणकुण लागली की चैत्रात माझी पुन्हा बदली होणार. म्हणजे दिवाळीला पाया खणला तरच चैत्रापर्यंत भिंती उभ्या राहणार, नाहीतर आम्ही निघालो पुढच्या गावाला आणि घड्याळ पुन्हा ट्रंकेत!

ऑफिसात ज्यांनी ज्यांनी घर बांधलं होतं त्यांना मी कंत्राटदाराबद्दल विचारलं. एकानेही सरळ नाव सांगितलं नाही. प्रत्येकाने आधी पाण्याचा ग्लास मागवला. एकाचं छप्पर सगळीकडे कोरडं राही आणि फक्त सासऱ्यांच्या खाटेवर गळे. दुसऱ्याच्या घरात जिना होता, पण तो जिथे पोचायचा तिथे मजलाच नव्हता. हे ऐकून मला तीन रात्री झोप आली नाही आणि चौथ्या दिवशी ऑफिसात पेन्सिली मागवताना युक्ती सुचली. पेन्सिली घ्यायच्या तरी आम्ही आधी नमुना मागवतो. मग घर घेताना नमुना का नको?

"नमुना म्हणून काय, एक न्हाणीघर बांधून घेणार?" सुमनने विचारलं.

उत्तर आईने दिलं. आई देवघरात वाती वळत बसली होती. ती म्हणाली की घरात आधी तुळस येते आणि मग माणसं येतात, तेव्हा प्रत्येकाकडून एकेक तुळशीवृंदावन बांधून घ्या. त्यात चौथरा येतो, कोपरे येतात, दिव्याचा कोनाडा येतो, गिलावा येतो. ज्याचं वृंदावन चांगलं, त्याला घर द्यायचं. मी आईच्या पायाच पडलो. एवढी मोठी परीक्षा एवढ्याशा जागेत!

तिन्ही वृंदावनं मी प्लॉटच्या मधोमध, एका ओळीत बांधायला सांगितली.

"मधोमध कशाला? कुठेतरी कोपऱ्यात करा की," सुमन म्हणाली.

"कोपऱ्यात खेजडीची सावली पडते. तिन्हींवर सारखा उजेड हवा. आणि हरलेली दोन आपण पाडणारच आहोत."

'पाडणार' हा शब्द ऐकल्यावर आईने वाती खाली ठेवल्या आणि अट घातली. पाडायचं ते कार्तिक लागायच्या आत. कार्तिकात एकदा तुळशीला पाणी घातलं की ती देवी, मग तिला कुणी हात लावायचा नाही. मी पंचांग काढलं. (तेही दाराच्या कडीला अडकवलेलं असायचं. भिंत कुठे होती!) कार्तिक लागणार दिवाळीच्या पाडव्याला. वृंदावनं होणार दसऱ्यापर्यंत. मध्ये मोकळा वेळच वेळ. "तू निर्धास्त राहा," मी आईला म्हणालो. हे वाक्य मी आयुष्यात ज्यांना ज्यांना ऐकवलं त्या सगळ्यांची मी आता माफी मागतो.

तीन ठेकेदार आले. पहिला रामधन. हा माणूस इतकं गोड बोलायचा की त्याच्याशी बोलून झाल्यावर चहात साखर लागत नसे. "साब, ऐसा बनाऊँगा कि तुलसी मैया खुद चलकर आएगी," म्हणाला. दुसरे गुप्ताजी, जाकीट घालणारे, बोलताना दर वाक्याला एखाद्या मंत्र्याचं नाव घेणारे. तिसरा भूरारामजी. पांढऱ्या मिशा, कानात सोन्याच्या बाळ्या, बोलणं जवळजवळ नाहीच. त्याने प्लॉटवर येऊन आधी सूर्याकडे पाहिलं, मग जमिनीला नमस्कार केला आणि मग जोडे काढून ठेवून काम सुरू केलं. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. पण मला वाटलं, कामाबद्दलची निष्ठा ती हीच.

दसऱ्याला आम्ही सहकुटुंब निकाल पाहायला गेलो. रामधनचं वृंदावन वाकलं होतं. थोडंथोडकं नाही, कुणी कानात काही सांगत असल्यासारखं सरळ पूर्वेला वाकलं होतं. रामधन म्हणाला की जमीनच तिरकी आहे. गुप्ताजींनी कुठून तरी ओळखीने सिमेंट आणून इतकं दणकट वृंदावन उभं केलं होतं की कुंदाने "अप्पा, मतलब ही पाण्याची टाकी आहे का?" म्हणून विचारलं. आणि भूरारामचं! संगमरवरी पाकळ्यांचा चौथरा, चारी बाजूंना नक्षीचे कोनाडे, कडेने कोरलेली वेल, पाणी वाहून जायला चिमुकलं गोमुख. आईने तिथल्या तिथे पदर पसरून नमस्कार केला.

"हा," आई म्हणाली.

"हा," मी म्हणालो.

सुमनने फक्त त्या संगमरवरावर बोटाने टकटक करून पाहिलं. ती कशाचा अंदाज घेत होती ते मला फार उशिरा कळलं.

रिकामं वृंदावन ठेवत नाहीत म्हणून आईने तिन्हींत तुळशीचं एकेक रोप लावलं. ("बिचाऱ्या रोपांनी कुणाचं काय केलंय?") दोन वृंदावनं पाडायला मजूर कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी मिळत होता. कोजागिरीला आम्ही दूध आटवलं, केशर घातलं, चांदण्यात बसून प्यायलो आणि घर कसं बांधायचं यावर गप्पा मारल्या. सुमनने तर घड्याळ ट्रंकेतून काढून पुसूनसुद्धा ठेवलं.

सकाळी मजूर, त्याची कुदळ आणि मी असे तिघे प्लॉटवर पोचलो. पाहतो तर काय, प्लॉटवर बायका! आसपासच्या वस्तीतल्या, ओल्या केसांच्या, लाल-पिवळ्या ओढण्यांच्या, हातात तांब्याचे लोटे. तिन्ही तुळशींना पाणी घालून झालं होतं, कोनाड्यांत दिवे लागले होते, कुंकू फासलं होतं आणि सगळ्याजणी गोल बसून गाणं म्हणत होत्या. मजुराने कुदळ खाली ठेवली आणि हात जोडले.

मी त्यातल्या सगळ्यांत वयस्कर बाईंपुढे गेलो. त्यांचं नाव केसरमाजी, हे मला नंतर कळलं. (नंतर तर मला त्यांच्याखेरीज दुसरं काही कळेनासंच झालं.) मी नम्रपणे म्हणालो की माजी, कार्तिकला अजून पंधरा दिवस आहेत.

"आज सूं काती लाग्यो छै, बाबूजी," माजी म्हणाल्या. आजपासून कार्तिक लागला!

मी खिशातून पंचांग काढलं. होय, मी ते बरोबर नेलं होतं. आश्विनाच्या पानावर बोट ठेवून त्यांना दाखवलं. माजींनी त्या पानाकडे न पाहता माझ्याकडे दयेने पाहिलं.

"थांको पंचांग थांका देस मैं चालै छै."

तुमचं पंचांग तुमच्या मुलखात चालतं. खरंच होतं ते. आमचा महिना अमावास्येला संपतो, इकडचा पौर्णिमेला. आमच्याकडे आश्विन अजून अर्धा शिल्लक आणि यांच्याकडे सकाळीच कार्तिक लागलेला. इतकी वर्षं उत्तरेत काढून ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. घरी येऊन सांगितलं, तर कुंदा म्हणाली, "हो अप्पा, शाळेत सगळ्या मुलींचा कार्तिक आपल्या आधीच लागतो. मला वाटलं तुम्हाला मालूम असेल."

"मग काल बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंच नाहीत, ना."

आईकडून मला न्यायाची अपेक्षा होती. आपल्या पंचांगाप्रमाणे कार्तिक लागलाच नाही, तेव्हा पाडायला हरकत नाही, असा मुद्दा मी मांडला. आईने तो ऐकून घेतला आणि म्हणाली, "वसंता, तुळस काय पंचांग बघून पाणी पिते?" दुसऱ्या दिवशी पहाटे ती स्वतः लोटा घेऊन केसरमाजींच्या गोलात जाऊन बसली. आठवड्याभरात ती त्यांची गाणी म्हणू लागली आणि त्या बायका आईकडून शनिवारच्या कहाण्या ऐकू लागल्या. भाषा कुणाची कुणाला धड येत नव्हती, पण प्रत्येकजण योग्य जागी डोळे पुसायची.

इकडे पाया खणणं बंद! आणि वृंदावनांची कीर्ती वाढत चालली. त्यातही गर्दी कुठे? भूरारामच्या संगमरवराला कुणी विचारीना. सगळी रीघ रामधनच्या वाकड्याला! माजींनी सांगितलं होतं, "माता झुकर सुणै छै." देवी वाकून ऐकते. मग काय, ज्याला काही सांगायचं असेल तो पूर्वेच्या बाजूला उभा राहून तिच्या कानात सांगू लागला. दोरे बांधले गेले, नारळ फुटले, कुणीतरी लाल ध्वज लावला. ज्याला मी नापास केलं होतं तो रामधन रोज स्वच्छ धोतर नेसून तिथे उभा राहू लागला आणि विचारणाऱ्याला "जानबूझकर झुकाया है" असं सांगू लागला. गुप्ताजीही मागे राहिले नाहीत. त्यांनी आपल्या टाकीवर स्वतःच्या नावाची पाटी बसवली.

कार्तिकी पौर्णिमा झाली, त्यांचा कार्तिक संपला. मी सुटकेचा श्वास टाकला, तर आईने आमचा शिल्लक कार्तिक काढला. आमची अमावास्याही गेली. आता तरी दोन वृंदावनं हलवू या, असं म्हणायला मी तोंड उघडलं. तिकडून केसरमाजी आणि इकडून आई, दोघींनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं.

रात्री सुमन घड्याळ पुन्हा लुगड्यात गुंडाळताना दिसली. रागावली असती तर बरं वाटलं असतं, पण ती रागावली नव्हती. "राहू दे हो," म्हणाली, "पुढच्या गावी बघू." तेवढ्यानेच मला फार वाईट वाटलं. सकाळी उठून मी भूरारामला गाठलं आणि सांगितलं की वृंदावनं राहू देत, बायका राहू देत, देवी राहू दे, पण चैत्राच्या आत मला घर दे.

भूरारामने वाळूत काठीने रेघा ओढल्या. मध्ये चौक, चौकात तिन्ही वृंदावनं, चौकाभोवती खोल्या, आणि बायकांना यायला-जायला पुढच्या दारातून मागच्या दारापर्यंत सरळ वाट. मला ते इतकं सुंदर वाटलं की मी लगेच होकार दिला. त्याने जमिनीला नमस्कार केला आणि जोडे काढले.

काम झपाट्याने चाललं. पहिल्यांदा शंका आली ती सुमनला. खोल्यांची दारं इतकी बुटकी का, म्हणून तिने विचारलं, तर भूराराम म्हणाला की आत वाकूनच जायचं असतं. निजायच्या खोलीला खिडकी नव्हती. आत अंधार हवा, असं त्याचं मत. चौकाच्या कडेने फिरायला दगडी वाट होती, तिच्यावरून उजवीकडेच वळता यायचं, कारण डावीकडे त्याने पायरी ठेवलीच नव्हती. आणि न्हाणीघराचं पाणी बाहेर पडायच्या जागी, रस्त्याच्या बाजूला, दगडात कोरलेलं देखणं गोमुख!

"भूरारामजी," मी विचारलं, "इससे पहले आपने कितने मकान बनाए?"

"मकान?" तो म्हणाला. त्याचा चेहरा उजळला. "ये पहला है, बाबूजी. आज तक तो मंदिर ही बनाए. इसीलिए तो इतना मन लगाकर बना रहा हूँ."

बिचारा एक शब्द खोटं बोलला नव्हता. घरासाठी माणूस शोधताना मी सगळ्यांना देवाचं काम करायला लावलं होतं, आणि अर्थातच देवळं बांधणारा पहिला आला होता.

चैत्राच्या पाडव्याला आम्ही राहायला गेलो. बदलीचा हुकूम आला नाही. (साहेबांच्या पत्नी कार्तिकात वाकड्या वृंदावनापाशी बराच वेळ उभ्या असत. याचा त्याच्याशी संबंध मी जोडत नाही.) गुढी उभारली, श्रीखंड झालं, आणि सुमनने पदर खोचून हातोडी घेतली. एका हातात खिळा, माझ्या दोन्ही हातांत घड्याळ. आई आणि कुंदा समोर उभ्या. सुमनने पहिला घाव घातला. खिळा वाकला. दुसरा घेतला, तोही वाकला. तिसरा उडून माझ्या कपाळाला लागला. देवळाच्या भिंती त्या! आरपार घडीव दगड! सगळ्या घरात एक खिळा जाईल अशी जागा भूरारामने ठेवली नव्हती.

सुमन हातोडी घेऊन खाली बसली. आता ही रडणार, असं मला वाटलं. पण तिला हसू फुटलं आणि ते थांबेचना. "दसऱ्यालाच टकटक करून बघितलं होतं मी," ती हसत हसत म्हणाली. "म्हटलं, एवढ्यावरून याची भिंत कशी असेल ते कळतंय का. तुम्ही दोघं नमस्कार करत होतात म्हणून गप्प बसले."

शेवटी जागा सापडली. पुढच्या दाराशी दोन खांबांच्या मध्ये भूरारामने घंटेसाठी म्हणून लोखंडी कडी बसवली होती. त्या कडीला घड्याळ टांगलं, हलू नये म्हणून सुतळीने खांबाला बांधलं, आणि ते टिकटिक करू लागलं. इतक्या वर्षांनी! टोले पडले तेव्हा सुमनचे डोळे भरून आले. माझेही आले, पण मी कपाळ चोळत असल्यामुळे ते कुणाला दिसलं नाही.

घरात सगळं ठीक आहे, असं मी म्हणू शकलो असतो. पण येणारा-जाणारा जोडे बाहेर काढतो आणि आमच्याकडे तीर्थ मागतो. एका सकाळी मी न्हाणीघरात होतो, तर बाहेरून केसरमाजींचा आवाज ऐकू आला. त्या गोमुखाखाली ओंजळ धरून कुणा नवीन सुनेला डोळ्यांना पाणी लावायला सांगत होत्या.

"माजी," मी आतून जिवाच्या आकांताने ओरडलो, "साबुन है!"

"देख," माजी सुनेला म्हणाल्या, "मांयनै सूं बोलै छै." आतून बोलतो! त्या दिवशी नारळ जास्त आले.

राहिलं घड्याळ. ते घंटेच्या जागी आहे म्हटल्यावर आत शिरणारी प्रत्येक बाई हात उंच करून लंबकाला एक बोट लावते आणि नमस्कार करते. त्यामुळे आमच्या घरी वेळ अशी कधी बरोबर नसतेच. मी पाटी लावून पाहिली, सुतळी बदलून पाहिली, माजींना समजावून पाहिलं. काही उपयोग झाला नाही.

परवा ऑफिसातून दमून आलो. दाराशी जोडे काढले, हात वर केला, लंबकाला बोट लावलं, डोळे मिटले आणि हात जोडले. डोळे उघडतो तो समोर सुमन, कमरेवर हात ठेवून उभी.

"काय मागितलंत देवाजवळ?" तिने विचारलं.

"एक घर," मी म्हणालो. "साधंसं. राहण्यासारखं."